ट्रामचे माहेर

गणेशगुडीत कधी ट्राम धावली नाही. इथे आहे ती काळी नदी, तिच्यावरची सूपा धरणाची १०१ मीटर उंच भिंत, भिंतीच्या पायथ्याचे वीजघर आणि चारी बाजूंनी जंगल. तरीही ट्रामची कुळकथा गणेशगुडीत बसून लिहायचा आपल्याला हक्क आहे असे मी मानतो. ती कथा लाकडाच्या ओंडक्यापासून सुरू होते, आणि ओंडका म्हणजे काय हे जोयडा तालुक्यातल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. दांडेलीच्या डेपोत रचलेल्या सागवानाच्या थप्प्या बघत आम्ही मोठे झालो.

मला या कथेचा धागा सापडला तो मात्र एका वीटभट्टीत. तीही इकडची नाही, इंग्लंडातल्या नॉर्दम्प्टनशरमधली. नेदर हेफर्ड नावाच्या गावी विटा-कौलांचा एक कारखाना होता आणि तिथे एक विचित्र इंजिन माती नि विटांचे डबे ओढत असे. विचित्र अशासाठी, की ते धड रेल्वेचे इंजिन दिसत नव्हते. बाजूला भलेमोठे गतिचक्र आणि चाकांना जोर पोचवायला सायकलीसारखी साखळी. रस्ता दाबायचा रोलर चुकून रुळांवर चढवावा तसे ते ध्यान. आणि रोलरशी त्याचे नाते खरोखरच होते, कारण ते बनवले होते रोचेस्टरच्या एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीने. रोड रोलर करणारी जगातली सर्वांत नामांकित कंपनी तीच होती. इंजिनाचा क्रमांक ८०७, साल १८७२, किंमत ३९८ पौंड, वजन दहा टनांच्या किंचित आत. वेग ताशी चार ते आठ मैल, म्हणजे तरणा माणूस शेजारून पळत गेला असता तर पुढे निघाला असता. साखळीमुळे लोक त्याला लाडाने ‘ओल्ड चेनी’ म्हणत.

हे ८०७ वीटभट्टीसाठी जन्मले नव्हते. ते एका ट्रामचे इंजिन होते. बकिंगहॅमच्या तिसऱ्या ड्यूकने आपल्या जमीनदारीतला माल हलवण्यासाठी १८७१ मध्ये वॉटन ट्रामवे घातली. पुढे ती ब्रिल गावापर्यंत गेली म्हणून ब्रिल ट्रामवे या नावाने ओळखली गेली. तिच्यावर ८०७ राबले. जास्त दमाची इंजिने आल्यावर १८९५ मध्ये ते नेदर हेफर्डच्या भट्टीला विकले गेले. हिशेब करा: ट्रामवर २३ वर्षे, भट्टीवर दुसऱ्या महायुद्धापर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक. निवृत्तीनंतरची नोकरी मूळ नोकरीच्या जवळजवळ दुप्पट! भट्टीतच ते हौशी मंडळींच्या नजरेस पडले, दुरुस्त झाले, आणि आज लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. १९३५ च्या अखेरीस ब्रिलची ट्राम बंद झाली, तेव्हाही हे म्हातारे विटा ओढतच होते.

आता या ट्रामचा धनी बघा. हाच बकिंगहॅमचा ड्यूक १८७५ ते १८८० या काळात मद्रास इलाख्याचा गव्हर्नर होता. १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ त्याच्याच कारकिर्दीत पडला. दुष्काळी कामावर खोदलेल्या कालव्याला त्याचे नाव मिळाले, तो बकिंगहॅम कालवा चेन्नईत अजून आहे. आमचा कारवार जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला नसता, तर या ट्रामवाल्या ड्यूकच्या सहीचे हुकूम काळी नदीच्या काठीही वाचले गेले असते.

एका इंजिनावरून कुळकथा रचायची नाही, म्हणून मी आणखी शोधत गेलो. मँचेस्टरजवळच्या गॉर्टनच्या बायर पीकॉक कारखान्याने १८८५ मध्ये ‘जॉन बुल’ नावाचे ट्राम इंजिन बनवून चाचणीसाठी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला पाठवले. तिथे ते पसंत पडले नाही. परत आले, आणि ज्या कारखान्यात जन्मले त्याच कारखान्याच्या आवारात डबे इकडचे तिकडे करू लागले. हे काम त्याने १९५९ पर्यंत केले. आता ते क्रीच गावच्या ट्राम संग्रहालयात आहे. सिडनीत ट्रामच्या वाफेची सुरुवात तर तात्पुरती म्हणून झाली होती. १८७९ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या गर्दीसाठी अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीची चार इंजिने आणली. प्रदर्शन उठले, इंजिने राहिली, वाढली, शंभरावर गेली, आणि तिथली शेवटची सरकारी वाफेची ट्राम १९३७ पर्यंत चालली. मधल्या काळात विजेने जी इंजिने रिकामी केली, त्यांतली कितीतरी लाकूड कापायच्या गिरण्यांनी, कोळशाच्या खाणींनी आणि बांधकामाच्या कंत्राटदारांनी उचलली.

उचलली, याला कारण आहे. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने शहरातल्या वाफेच्या ट्रामला भारी अटी घातल्या होत्या. धूर दिसता कामा नये, वाफ दिसता कामा नये, आवाज होता कामा नये. घोडे बुजतात म्हणून चाके आणि दांडे जमिनीपासून चार इंचांपर्यंत पत्र्याने झाकलेले हवेत. वेग मर्यादेपलीकडे गेला तर आपोआप लगाम बसला पाहिजे. म्हणून कारखानदारांनी इंजिनाला डब्याचा आकार दिला, कोळशाऐवजी कोक जाळला, वाफ पुन्हा पाणी व्हावी म्हणून छतावर नळ्यांची जाळी बसवली, आणि गाडी न वळवता उलट जाता यावे म्हणून दोन्ही टोकांना हाकणाऱ्याची सोय केली. शहरातल्या गल्ल्यांची वळणे काटकोनी, म्हणून चाके जवळजवळ. आता हेच इंजिन एखाद्या कारखान्याच्या आवारात उभे करून बघा. वळणे तशीच अवघड, वळवायला जागा तशीच नाही, अंतर थोडे, वेग नकोच. रस्त्यासाठी केलेली सगळी घडण आवारात चपखल बसते. फक्त पत्र्याचा घुंघट काढायचा, कारण कारखान्यात बुजायला घोडे नाहीत आणि तेल घालायला हात आत जावा लागतो.

आपल्याकडचे टप्पे सर्वांना माहीत आहेत, ते एका दमात सांगतो. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, ७ मे १९०७ ला विजेची, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची गेली. वाफेची पायरी मुंबईने गाळलीच. नाशिकला १८८९ मध्ये अडीच फुटी रुळांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा सल्लागार एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्याने पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. कलकत्त्याने १८८२ मध्ये वाफ करून पाहिली. आणि तेव्हा मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीने १८८५ मध्ये थेट वाफेनेच ट्रामचा श्रीगणेशा केला, पण गोंगाटाच्या तक्रारी इतक्या झाल्या की वर्षभरात घोडे जुंपावे लागले. लीड्सची किटसन कंपनी या काळात ट्राम इंजिनांत सर्वांत पुढे होती, तिने तीनशेच्या आसपास बनवली. कॅलथ्रॉपच्या बार्शी लाइटची पहिली इंजिनेही किटसनचीच. पंढरीच्या वारकऱ्यांना नेणारी इंजिने आणि विलायतेतल्या गल्लीबोळांतली ती डबेवजा इंजिने एकाच छपराखाली घडली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘ट्राम’ हा शब्द कुठला?

याचे एक उत्तर इतके गोड आहे की ते खोटे ठरावे याचे मला वाईट वाटते. डर्बीशरमध्ये बेंजामिन आउट्रम नावाचा अभियंता होऊन गेला, १७६४ ते १८०५. बटर्ली येथे त्याने लोखंडाचा कारखाना काढला आणि खाणींतला कोळसा कालव्यापर्यंत आणण्यासाठी इंग्रजी एल अक्षरासारख्या ओतीव लोखंडी पट्ट्यांचे मार्ग घातले. पट्टीलाच काठ असे, चाक साधे. या मार्गांना म्हणे लोक ‘आउट्रम वे’ म्हणू लागले, आणि तोंडी झिजून ‘आउ’ गळाले, ‘ट्राम’ राहिले. सॅम्युएल स्माइल्सने जॉर्ज स्टीफन्सनच्या चरित्रात, १८५७ मध्ये, ही व्युत्पत्ती छापली आणि ती जगभर झाली.

या बेंजामिनचा मुलगा कोण? जेम्स आउट्रम! धरणगावात १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभी करणारा आउट्रम साहेब. पुढे साताऱ्याचा आणि बडोद्याचा रेसिडेंट. आणि १८४४-४५ मध्ये कोल्हापूर आणि सावंतवाडीकडे गडकऱ्यांचे बंड उठले तेव्हा ते मोडायला आलेल्या फौजेत हाच होता. बंडवाले सह्याद्रीच्या रानातून गोव्याच्या हद्दीत शिरले, म्हणजे आमच्या कॅसलरॉकच्या डोंगररांगेच्या उत्तरेलाच हा सगळा प्रकार चालला होता. बाप ट्रामचा जनक आणि मुलगा सावंतवाडीच्या घाटात: हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. कुळकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवे?

पण पुराव्यापुढे मान तुकवली पाहिजे. आउट्रम जन्मण्याच्या दोनशे वर्षे आधी हा शब्द आहे. स्कॉटलंडच्या बोलीत ‘ट्राम’ म्हणजे हातगाडीचा दांडा. उत्तर जर्मनीच्या बोलीत ‘ट्राम’ म्हणजे तुळई, मोठा वासा. १५५५ मध्ये डरहॅम परगण्यातल्या बार्नार्ड कॅसल गावच्या एका मृत्युपत्रात, गावातल्या ब्रिजगेटच्या पश्चिम टोकापासूनचा रस्ता ‘किंवा ट्राम’ दुरुस्त करायला २० शिलिंग ठेवले आहेत. या ओळीवर विद्वानांचे भांडण आहे. काही म्हणतात, इथे ‘ट्राम’ म्हणजे लाकडी रस्ता हे कशावरून? त्यांना मी इतकेच सांगेन, की एकदा पावसाळ्यात जोयड्याच्या आतल्या वाडीवर या. चिखलात गाडी रुतू नये म्हणून वासे आडवे टाकून त्यांवरून गाडी काढतात. त्या रस्त्याला नाव द्यायचे झाले तर वाशांवरूनच पडेल. माझ्या मते बार्नार्ड कॅसलची ‘ट्राम’ म्हणजे चिखलावर टाकलेले वासेच.

पुढचा प्रवास सरळ आहे. वाशांवरून ओढायची खाणीतली घसरगाडी ती ट्राम, मग चाके लावलेला डबा ती ट्राम, मग त्या डब्याचा मार्ग तो ट्रामवे. शहराच्या रस्त्यावर माणसे नेणारी ट्राम ही या वंशातली अगदी धाकटी पाती. आणि समजा, आउट्रमचा पक्षच खरा मानला, तरी माझे म्हणणे ढळत नाही. आउट्रमही खाणींचा आणि भट्ट्यांचाच माणूस. कुठल्याही वाटेने गेलो तरी ट्रामचे माहेर कारखाना आणि लाकूड हेच निघते. म्हणून ८०७ वीटभट्टीत गेले, सिडनीची इंजिने लाकडाच्या गिरणीत गेली, त्याला मी अधोगती म्हणत नाही. शहर हे सासर होते, ती इंजिने माहेरी परतली.

इथे आपल्या मराठी ‘रूळ’ शब्दाकडे बघायलाच हवे. रूळ म्हणजे आगगाडीचा लोखंडी मार्ग, वहीत रेघा आखायचा दंडगोल तो रूळ, पोलिसाच्या हातातला दांडा तोही रूळ, आणि जड वस्तू सरकवायला खाली घालतात ते गोल लाकूडही रूळच. कोशाला मानणारी मंडळी म्हणतात, हा इंग्रजी ‘रूल’, पट्टी या अर्थाचा. दुसरा पक्ष ‘रोलर’चा. माझा स्वतःचा कल तिसरीकडे आहे: ‘रुळणे’ हे आपले क्रियापद. लोळत, घासत जाणे, आणि जाऊन जाऊन सरावणे. ज्यावरून जड माल रुळत जातो तो रूळ. ओंडक्याखाली ओंडके घालून नदीपर्यंत नाटा लोटणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द आगगाडीच्या आधीपासून असला पाहिजे, आणि लोखंडी मार्ग आल्यावर त्यांनी तोच त्याला दिला, असे मला ठामपणे वाटते. शेजाऱ्यांकडे बघा. हिंदीत ‘पटरी’. ती मुळात फळी. इंग्रजांची ट्राम म्हणजे वासा, हिंदीची फळी, आणि मराठीचा तेवढा विलायती पट्टीवरून आणला, हे मनाला पटत नाही.

तरी ‘रूल’वाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. इंग्रजी ‘रेल’ आणि इंग्रजी ‘रूल’ या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. लॅटिन ‘रेगुला’, म्हणजे सरळ दांडी, तिच्या या दोन मुली. फ्रेंचच्या दोन वाटांनी इंग्रजीत उतरल्या आणि एकमेकींना विसरल्या. आपला ‘रूळ’ जर ‘रूल’पासून आला असेल, तर हजार वर्षांनी या दोघी बहिणींची गाठ मराठीत पडली, तीही एकाच वस्तूवर! माझा पक्ष हरला तर असाच हरो.

वाफेकडे परत येऊ. वाफेचे पहिले ट्राम इंजिन कोणते, याचा विचार करताना मला या कथेचा कळस सापडला. रिचर्ड ट्रेव्हिथिक या कॉर्नवॉलच्या अभियंत्याने वेल्समधल्या पेनीडॅरन लोखंडाच्या कारखान्यात एक इंजिन चाकांवर चढवले. कारखान्याचा मालक सॅम्युएल होमफ्रे याने शेजारच्या कारखानदाराशी ५०० गिनींची पैज मारली होती. २१ फेब्रुवारी १८०४ ला त्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि वर चढून बसलेली सत्तर माणसे नऊ मैलांहून अधिक ओढून नेली. रुळांवर वाफेने ओझे ओढल्याचा हा जगातला पहिला नोंदलेला प्रवास, आणि तो झाला मर्थर ट्रामरोडवर. शब्द बघा: ट्रामरोड. आउट्रमच्याच धर्तीच्या एल आकाराच्या ओतीव पट्ट्या. इंजिनाच्या वजनाखाली त्या पट्ट्या फुटत गेल्या, आणि थोड्याच फेऱ्यांनंतर इंजिनाची चाके काढून ते त्याच कारखान्यात एका जागी बसवून कामाला लावले. म्हणजे निवृत्त होऊन उद्योगात गेलेले वाफेचे पहिले ट्राम इंजिन हे वाफेचे पहिले ट्राम इंजिनच! स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ यायला अजून पंचवीस वर्षे होती. बाकी सगळ्या इंजिनांनी थोरल्याने पाडलेली वाट धरली.

आपल्या देशात तर ‘ट्राम’ शब्दाने माहेर कधी पुरते सोडलेच नाही. १८८६ चा इंडियन ट्रामवेज अ‍ॅक्ट आला, त्यानंतर शहराबाहेरच्या कितीतरी छोट्या मार्गांनी ट्राम हेच नाव घेतले. १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची गाडी घातली पीरभॉय कुटुंबाने, आणि त्यांच्या कंपनीच्या नावात ट्रामवे हा शब्द होता. तिकडे कोचीन संस्थानात परंबिकुलमच्या जंगलातला साग चालकुडीपर्यंत आणणारा सुमारे ८० किलोमीटरचा मार्ग, त्याचे नावच कोचीन स्टेट फॉरेस्ट ट्रामवे. तो १९६३ मध्ये मोडला. तिथे ट्रामवर शहरी बाबू बसत नव्हते, ओंडके बसत होते. म्हणजे शब्दाचा सोळाव्या शतकातला अर्थ केरळच्या रानात विसाव्या शतकातही जिवंत होता. आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांमागे दोन फुटी मार्गांवर दारूगोळा ओढणारी बाल्डविनची इंजिने युद्धानंतर हिंदुस्थानात आली, ऊस ओढू लागली. १९१७ सालचे ७७८ क्रमांकाचे त्यांतले एक खतौलीच्या अप्पर इंडिया शुगर मिल्समध्ये राबले आणि आज इंग्लंडात लेटन बझर्डला आहे. ती शहरी ट्रामची इंजिने नव्हेत हे मला मान्य आहे, पण भाऊबंद आहेत, पंगतीत बसायचा त्यांना हक्क आहे.

आमच्याकडे अळणावरहून दांडेलीला १९१९ मध्ये फाटा आला तोही लाकडासाठीच. माणसांची गाडी पुढे बंद पडली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. इथली लाकडे त्या फाट्यावरून कुठे कुठे गेली, त्यांतले किती सागवान देशभर रुळांखाली स्लीपर म्हणून पडून राहिले, हा वेगळ्या कुळकथेचा विषय आहे.

आता वाचकांना एक विनंती. जुन्या इंजिनाची ओळख पटते ती त्याच्यावर कोरलेल्या नावामुळे नि आकड्यामुळे. खानदेशापासून कारवारपर्यंत जुन्या सॉ मिलच्या मागे, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या आवारात, साखर कारखान्याच्या भंगारात आजही गंजलेले बॉयलर आणि चाके पडलेली आहेत. तुमच्या माहितीत असे काही असेल, तर भंगारवाला येण्याआधी एकदा तिथे जा. ओल्या फडक्याने पितळेची पाटी पुसा, तिच्यावरचे कारखान्याचे नाव, क्रमांक आणि साल वहीत उतरवून घ्या, आणि जमल्यास फोटो काढा. पाटी नसेल तर पिस्टनच्या दांड्याच्या टोकाशी, चाकाच्या आऱ्यांवर बघा, तिथे पुष्कळदा आकडा ठोकलेला असतो.